काई नाई जी, बसली आहो

पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली, पण उभ्या नोकरीत चोर काही पकडला नाही. एकदा एक पकडला होता, तर तो बिचारा किल्ली विसरला म्हणून स्वतःच्याच घरात खिडकीतून चढत होता. बाकी सारी नोकरी टेबलावर गेली, आणि शेवटची अकरा वर्षं तर अशा टेबलावर, की ज्याचं नाव सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारत, "कोणती शाखा म्हणाल्या?"

बदलीच्या हुकमात लिहिलं होतं ‘परकीय नागरिक नोंदणी शाखा’. खात्यात तिला सगळे ‘फॉरेन’ म्हणतात. मीही त्याच भरात घरी फोन करून सांगितलं, "फॉरेनले टाकलं मले." सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळवून टाकलं की सून फॉरेनला चालली. समोरच्या काकू धावत आल्या. "स्वेटर घेतलं का वो? तिकडं लय थंडी असते म्हंते."

फॉरेन निघालं ऑफिसच्या मागची एक खोली. दोन टेबलं, एक संगणक, आणि एक कपाट, ज्याचं दार गुडघ्यानं दाबल्याशिवाय लागत नसे. तिथे रशीदभाऊ हवालदार माझ्या आधीपासून बसलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, इथं साऱ्या जगाची हवा येते, फक्त खिडकी उघडत नाही." ऑफिस अमरावतीचं की अकोल्याचं ते विचारू नका. माझी नोकरी दोन्हीकडे झाली. अमरावतीकर म्हणतील अकोल्याचं असेल, अकोलेकर म्हणतील अमरावतीचं, आणि माझं काम भागेल.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण खात्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. लोकांना वाटतं व्हिसा मिळाला की झालं. व्हिसा म्हणजे नुसती दारातून आत यायची परवानगी. परदेशी माणसाला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असलं, की त्यानं आल्यापासून चौदा दिवसांत आमच्याकडे नोंद करायची. मग त्याला मिळतो रहिवास परवाना. ज्याच्या घरी तो उतरला, त्या घरवाल्यानंही एक फॉर्म भरून पोलिसांना कळवायचं. परवान्याची मुदत संपत आली की वाढवून मागायची. मग आमच्यापैकी कोणीतरी त्याच्या दारात जातं, पाहतं, विचारतं आणि अहवाल लिहितं. अर्ज आता संगणकावरून होतात, पण दारात जाऊन उभं राहणारं माणूस अजून लागतंच. निर्णय आम्ही घेत नाही, तो वर होतो. वर बसलेल्याला ना ते घर दिसतं, ना तो माणूस. त्याला दिसतो आमचा अहवाल. आमच्या अहवालात सात रकाने होते, आणि सातवा रकाना होता व्यवसायाचा.

नोकरदार माणसाचं सोपं असतं. कंपनीचं पत्र असतं, साहेबाची सही असते. विद्यार्थ्याचंही सोपं. खरी गंमत येते ती स्वतःच्या मर्जीनं काम करणाऱ्यांची. अकोल्यातल्या एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याची मुलगी पोलंडच्या मुलाशी लग्न करून तिकडे गेली होती. आई आजारी पडली म्हणून नवऱ्याला घेऊन परत आली. मुलगा लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. घरी बसून काढायचा आणि पाठवून द्यायचा. नोंदणीला सासरेबुवा स्वतः घेऊन आले.

मी विचारलं, "हे काय करतात?"

सासरेबुवांनी आधी मागे वळून दार पाहिलं, मग हळूच म्हणाले, "बाई, गल्लीत म्या जवाई कंपनीत आहे म्हनून सांगतलं. दिवसभर घरी बसते म्हटलं तं लोक घरजावई म्हनतीन."

जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "फ्रीलान्सर." हा शब्द आमच्या रजिस्टरात लिहायचा कसा? रशीदभाऊंनी कुठूनतरी ‘मुक्त व्यावसायिक’ शोधून काढला. पण रकाना अरुंद, म्हणून त्यांनी नुसतंच ‘मुक्त’ लिहिलं. आठवड्यानं साहेबांनी रजिस्टर तपासलं आणि मला आत बोलावलं. "हा पोलंडचा इसम मुक्त म्हणजे? आधी कोणत्या गुन्ह्यात अटक होता?" पोलिसांच्या कागदात मुक्त एकाच अर्थानं होतं माणूस. ती नोंद आम्ही दुरुस्त केली, पण रशीदभाऊ त्या मुलाला शेवटपर्यंत ‘आपला सुटलेला जावई’ म्हणत राहिले.

घरवाल्यांचा फॉर्म हाही एक छळच. पाहुण्याची वर्दी पोलिसात द्यायची, हे वऱ्हाडातल्या माणसाच्या गळी उतरत नाही. "काऊन? त्यानं काय केलं? आमच्या घरचं जेवला, एवढंच केलं ना?" असं मला तोंडावर विचारणारे भेटले. भाडं घेता का म्हटलं तर कानावर हात. फॉर्ममध्ये नातं विचारलेलं नसतानाही लोक कोपऱ्यात लिहीत, ‘घरच्यासारखा’. आणि आमच्याकडे चांदूर दोन असताना पत्त्यात नुसतं ‘चांदूर’ लिहिणारे तर किती! केनियाच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याला आम्ही दोन दिवस चांदूर बाजारला शोधत होतो. तो चांदूर रेल्वेला एका ओसरीवर आरामात कणीस खात बसला होता.

अशा गोष्टी मी पुष्कळ सांगते आणि लोक हसतात. शू-ह्वाची गोष्ट मी फारशी सांगत नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘कामातला एखादा न विसरणारा अनुभव’ मागितला तेव्हा दुसरं काही तरी लिहून पाठवणार होते. पण लिहायला बसले की हीच पुढे येते, तर आता होऊन जाऊ द्या.

शू-ह्वा तैवानची. चाळिशीची, ठेंगणी, केस कापलेले, चष्मा. नोंदणीला आली तेव्हा हातात एक छोटी वही होती, त्यात मराठी शब्द तिच्या लिपीत लिहिलेले. व्हिसा व्यवसायाचा. व्यवसाय काय, तर संत्र्याची साल. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, साल.

तिच्या देशात वाळवलेल्या संत्रासालीला मोठा मान आहे. चहात टाकतात, रश्श्यात टाकतात, औषधात घालतात. साल जितकी जुनी तितकी चांगली. ती आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात फिरायला म्हणून आली आणि एका बाजाराच्या मागे उकिरड्यावर सालीचा ढीग पाहून तिथेच थांबली. त्याच गावात देवकाबाईच्या घरी तिनं दोन खोल्या घेतल्या. देवकाबाईचं माळ्याचं घर. पुढे पालक-मेथीचे वाफे, बांधाला झेंडू, मागे संत्र्याची बाग. वर्षभरात शू-ह्वानं गावातल्या अकरा बायका कामाला लावल्या. फळाची साल अशी कापायची की तीन पाकळ्या होतात, पण देठाकडून जुळलेल्या राहतात. मग ती उन्हात घालायची, रोज पालटायची, आणि कोरडी झाली की पोत्यात भरून ठेवायची. किमान तीन वर्षं.

इथेच सगळी अडचण होती. तिच्या मालाला तीन वर्षं लागणार, आणि परवाना एका वर्षाचा. मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा एक पाकळीसुद्धा विकलेली नव्हती. बिलं नाहीत, खरेदीदाराची पत्रं नाहीत, काही नाही. कागदावर व्यवसाय कुठे दिसतच नव्हता. दिसणार होता तो फक्त आमच्या अहवालात, आणि तो लिहिणार होते मी.

गावानं शू-ह्वाचं नाव पहिल्या आठवड्यातच शोभा करून टाकलं होतं. वहीतून ती जे मराठी शिकली ते मागे पडलं, आणि त्या अकरा बायकांच्या तोंडचं वऱ्हाडी तिच्या तोंडी बसलं. देवकाबाईनं मला एक किस्सा सांगितला होता. सुरुवातीला येता-जाता कोणी शोभाला विचारलं, "काय करून राहिली वं?" की ती हातातलं ठेवून सगळं सांगायची. मी साल कापत आहे, आता ती उन्हात घालीन, मग दुपारी पालटीन. विचारणारी पार पुढच्या वळणावर पोचायची तरी हिचं चालूच. बायका हसून हसून बेजार. शेवटी देवकाबाईनं समजावलं, "अवं माय, इतकं नाई सांगा लागत. कोनी इचारलं तं म्हनाव, काई नाई, बसली आहो."

तुमच्यापैकी जे वऱ्हाडातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे माणूस विहीर खणत असला, वर नुसतं डोकं दिसत असलं, तरी ‘काय करून राहिले?’ म्हटलं की तो म्हणणार, "काई नाई जी." काम करतोय असं तोंडानं म्हणणं म्हणजे एक तर मोठेपणा सांगणं, नाही तर आलेल्याला ‘आत्ता जा’ म्हणणं. काई नाईचा अर्थ, तुमच्यासाठी वेळ आहे, या, टेका. मी जन्मले तेव्हापासून हे ऐकत आले आहे. माझी आई शेवया करता करता म्हणायची, माझे वडील हिशेबाच्या वहीत मान घालून म्हणायचे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चौकशीला गेले तो दिवस धावपळीचा होता. चार गावांतल्या चार चौकश्या एकाच जीपमध्ये उरकायच्या होत्या. देवकाबाईचं घर तिसरं. अंगणात शिरले तर सालींची नुसती पिवळी-नारिंगी सतरंजी. वासानं डोकं भरून गेलं. सात-आठ बायका गोल करून बसलेल्या, मध्ये शोभा, मांडीवर सुपडं, हातात चाकू, बोटं पिवळी झालेली.

मी वही उघडली आणि विचारलं, "काय शोभाबाई, सध्या काय करता?"

ती चाकू न थांबवता हसली आणि म्हणाली, "काई नाई जी, बसली आहो. या, टेका."

मला इतकं हसू आलं! मी म्हटलं, "वा वा, पक्की वऱ्हाडी झाली हे तं!" सगळ्या बायका हसल्या. शोभाही हसली, शाबासकी मिळाल्यासारखी. मी वहीत टिपलं. मग देवकाबाईला विचारलं, "हे शोभा काय कामधंदा करते?" देवकाबाईनं माझ्या खाकीकडे पाहिलं आणि पदर सावरला. खाकी दारात आली की आमचं माणूस आधी नाही म्हणतं, मग प्रश्न ऐकतं.

"नाई वो बाई, ते काई नाई करत. आमच्या पोरीसारखी ऱ्हाते."

"मंग हे साली कोनाच्या?"

"आमच्याच जी. बागेतल्या."

तेही मी टिपलं. चहा घेतला, त्यातही साल टाकलेली होती. दोन पाकळ्या रुमालात बांधून घरी आणल्या आणि चौथ्या गावाला निघाले.

अहवाल दुसऱ्या दिवशी लिहायला घेतला. चारही चौकश्यांच्या नोंदी एकाच वहीत. पत्ता, घरमालक, वागणूक, शेजाऱ्यांचं मत, सगळं चांगलंच होतं. सातव्या रकान्याशी आले. वहीत दोन शब्द होते, ‘काही नाही’. त्याखाली देवकाबाईच्या नावापुढे, ‘काही करत नाही’. आम्ही बायका हसलो ते वहीत नव्हतं. वासही नव्हता. मी लिहिलं, ‘सदर महिला सध्या कोणताही व्यवसाय करीत नाही, असे तिने स्वतः व घरमालकिणीने सांगितले.’ खाली सही केली आणि पुढची फाइल ओढली. खरं सांगते, हातसुद्धा अडखळला नाही.

आदेश आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं, म्हणजे बघा. मुदतवाढ नाकारली, पंधरा दिवसांत देश सोडावा. कारण, चौकशीत व्यवसाय आढळून आला नाही.

शोभा तो कागद घेऊन देवकाबाईबरोबर ऑफिसात आली. रडत नव्हती. खुर्चीवर बसली, कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, म्या तुमाले खोटं सांगतलं का?"

मी खात्याच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही स्वतःच काही नाही म्हणालात. जे सांगितलं ते मी लिहिलं."

"पन सगळे तसंच सांगतात ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती खरंच विचारत होती, व्याकरण विचारावं तसं. "पोत्यात पैल्या सालची साल हाय. पावसाळ्यात ते ओली होईन. कोन पालटीन?"

देवकाबाई म्हणाली, "अवो बाई, म्या तं पोलीस पाहून म्हटलं हो. मले काय मालूम तुमी असं लिहून घ्यान!"

मी काहीतरी नियम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रशीदभाऊंचा फोन वाजला. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी तीन रजिस्टरं उघडी होती, तोंडात पेनाचं टोपण, दोन्ही हात कागदात. त्यांनी फोन मान तिरकी करून खांद्यात धरला. पलीकडून त्यांच्या बायकोनं काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. रशीदभाऊंचं उत्तर मात्र खोलीभर ऐकू आलं.

"काई नाई, बसलो आहो. बोल."

कोणी हसलं नाही. शोभानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच उत्तर आमच्या देवकाबाईनं स्वतःबद्दल दिलं असतं तर मी लिहिलं असतं का? सात जन्मांत नसतं लिहिलं. मी समजून घेतलं असतं आणि ‘भाजीपाल्याचा व्यवसाय’ असं झोकात लिहिलं असतं. शोभाचे नाक-डोळे वेगळे, पासपोर्ट वेगळा, म्हणून मी तिचं वऱ्हाडी वऱ्हाडीसारखं ऐकलंच नाही. ती मला ‘या’ म्हणाली होती आणि मी लिहून ठेवलं की ती रिकामी आहे.

यावर उपाय होता. त्याला पुरवणी अहवाल म्हणतात. आधीच्या अहवालात चूक झाली, खरी स्थिती अशी आहे, असं लिहून वर पाठवायचं. पण चूक कोणाची ते लिहावं लागतं, आणि खाली सही त्याचीच लागते. मी साहेबांकडे गेले. साहेब पुण्याकडचे, माणूस सरळ.

"काही नाही म्हणजे काही नाही," ते म्हणाले. "मराठी मलाही येतं, बाई."

"हे मराठी नाही येत साहेब तुमाले," माझ्या तोंडून निघून गेलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमची निवृत्ती दहा महिन्यांवर आहे. स्वतःच्या अहवालाला स्वतःच चूक म्हणाल, तर शेरा येईल. तुम्ही ठरवा. दिलात तर मी पुढे पाठवतो."

इथे मी एक गोष्ट केली ती लिहायलाच हवी. मी चार दिवस काढले. पहिल्या दिवशी म्हटलं डोकं शांत होऊ दे. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी ऑफिसात दुसरी कामं शोधली. घरी नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर म्हटलं काही नाही. तेहतीस वर्षांत एकही शेरा नव्हता माझ्या सेवापुस्तकात, आणि मला ते पुस्तक तसंच कोरं घेऊन घरी जायचं होतं. इतकीच गोष्ट होती. पंधरातले चार दिवस मी त्यात घातले.

पाचव्या दिवशी पुन्हा देवकाबाईच्या अंगणात गेले. या वेळी बायका मोजल्या, पोती मोजली, कोणत्या पोत्यात कोणत्या बहाराची, म्हणजे कोणत्या हंगामाच्या फळाची साल ते लिहून घेतलं, फोटो काढले. शोभा विचारलं तेवढंच सांगत होती. मग ऑफिसात बसून पुरवणी लिहिली. तिच्यातला एक परिच्छेद मला अजून पाठ आहे, कारण नोकरीत मी लिहिलेलं तेवढंच मला बरं वाटतं. ‘या भागात काय करता या प्रश्नाला काही नाही असे उत्तर देण्याची रीत आहे. हे उत्तर बहुधा काम चालू असतानाच दिले जाते. त्याचा अर्थ व्यवसाय नाही असा नसून येणाऱ्याचे स्वागत आहे असा होतो. सदर महिला ही रीत येथील रहिवाशांकडून शिकली असून, प्रथम अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ती अवगत असूनही त्याने ती विचारात घेतली नाही.’ रशीदभाऊंनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या लोकांच्या उत्तराचा असा खुलासा सरकारी कागदावर पैल्यांदाच झाला असन."

साहेबांनी त्याच दिवशी पाठवलं. वरून उत्तर आलं, ‘विचाराधीन’. सरकारी विचार चालू असताना मुदत थांबत नाही. पंधरावा दिवस आला. देश सोडण्याचे कागदही माझ्याच टेबलावरून निघाले. शोभानं सही केली, पेन टोपण लावून परत दिलं. जाताना देवकाबाईला म्हणाली, "आठ दिवसांनी पोते उघडाचे. ऊन दाखवाचं." चार दिवस आधी कागद गेला असता तर ती थांबू शकली असती का, ते मला माहीत नाही. साहेब म्हणाले, काही फरक पडला नसता. ते चांगले गृहस्थ होते, म्हणून म्हणाले असतील.

पावसाळ्यात देवकाबाईनं आणि बायकांनी पोती उघडली, जशी जमली तशी वाळवली. कधी ऊन आठ-आठ दिवस पडायचंच नाही. निम्म्याच्या वर सालीला बुरशी धरली. मी अधूनमधून फोन करायची. देवकाबाई सांगायची, "आज एक पोतं फेकलं वो."

दिवाळीच्या आसपास उत्तर आलं. पुरवणी अहवाल ग्राह्य, पूर्वीचा नकार नव्या अर्जाच्या आड येणार नाही. त्याच टपालात माझ्यासाठी वेगळं पत्र होतं, ‘यापुढे दक्षता घ्यावी’. यापुढे म्हणजे उरलेले तीन महिने. शोभाचा नवा अर्ज आला, तो मंजूर होऊन ती परत येईपर्यंत मी निवृत्त झाले होते. तिची नोंदणी रशीदभाऊंनी केली. त्यांनी फोन करून सांगितलं, "सातव्या रकान्यात जागा पुरली नाही मॅडम, मागं कागद जोडला."

उन्हाळ्याच्या तोंडाशी, मृगाच्या बहाराची तोड चालू होती तेव्हा मी गेले. एस.टी.नं गेले, साडी नेसून, हातात पिशवी. अंगण पुन्हा सालींनी भरलेलं, बायका गोल करून बसलेल्या. देवकाबाई लांबूनच ओरडली, "या वो बाई, या!" शोभाच्या मांडीवर सुपडं होतं. केस थोडे पांढरे वाटले.

मला काय सुचावं? जे तोंडी बसलेलं तेच निघालं. "काय करून राहिली वं शोभा?"

तिनं चाकू खाली ठेवला. सुपडं बाजूला ठेवलं. उठून उभी राहिली, हात पुसले.

"मी संत्र्याची साल वाळवून निर्यात करण्याचा व्यवसाय करते," ती म्हणाली. एकेक शब्द स्वच्छ, पुस्तकातल्यासारखा. "माझ्यासोबत अकरा महिला काम करतात. कागदपत्रं आत आहेत. आणू का?"

देवकाबाई म्हणाली, "अवं बस वं! ते पोलीस नाई राह्यली आता."

"असू दे," शोभा म्हणाली आणि आत जाऊन फाइल घेऊन आली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली. काय करणार? बाजेवर बसून एकेक पान उलटलं, सगळ्या बायकांच्या देखत. सगळं व्यवस्थित होतं. परवाना, घरमालकिणीचा फॉर्म, फोटो, बायकांची नावं, शेवटी माझ्या पुरवणी अहवालाची प्रत, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. मी फाइल परत दिली. ती घेऊनही ती उभीच राहिली. मग तिनं विनयानं विचारलं, "तुम्ही सध्या काय करता?"

मी म्हटलं, "काई नाई जी, बसली आहो."

बायका हसल्या. शोभानं मान हलवली, आणि मी पुढचं सांगेन म्हणून वाट पाहत उभी राहिली.